धूर दिसत नाही, तरी काजळी असतेच! डिझेल, पेट्रोल की सीएनजी: आपल्या गाडीतून नेमकं काय बाहेर पडतं?

सकाळी शाळेच्या वेळेला जठारपेठ चौकात उभं राहिलं की अकोल्यातली सगळ्या जातीची वाहनं एकाच जागी पाहायला मिळतात. दुचाक्या, शाळेच्या व्हॅन, काळ्या-पिवळ्या रिक्षा, भाजीचे टेम्पो, दवाखान्याकडे निघालेल्या गाड्या. एखादी जुनी डिझेल गाडी गिअर बदलून पुढे निघते आणि मागे काळा लोट सोडून जाते. दुचाकीवर अब्बांच्या पुढे बसलेलं लेकरू तोंड फिरवतं, अम्मी ओढणीचा पदर नाकाला लावतात. मिनिटभरात धूर विरतो आणि सगळे विसरून जातात.

अलीकडेच अकोल्यातल्या एका कुटुंबाशी आमचं बोलणं झालं. घरातले अब्बा वीस-बावीस वर्षांपासून डिझेल रिक्षा चालवतात. आता मुलासाठी दुसरी रिक्षा घ्यायची आहे. अब्बांचं म्हणणं, "डिझेलसारखी ओढ दुसऱ्या कशात नाही." मुलाला सीएनजी हवी आहे. अम्मींनी मात्र वेगळाच प्रश्न विचारला. घरातल्या पाच वर्षांच्या नातवाला हिवाळा आला की दम लागतो. त्या म्हणाल्या, "ताकद-ॲव्हरेज तुम्ही बघा. कोणत्या गाडीचा धूर लेकराला कमी लागंल, तेवढं सांगा."

आपल्या समाजातल्या कितीतरी घरांची चूल रिक्षा, ट्रक, टेम्पो आणि गॅरेजवर पेटते. म्हणजे हा धूर इतरांपेक्षा आपल्याच माणसांच्या छातीत जास्त जातो. त्यामुळे अम्मींच्या प्रश्नाचं उत्तर नीट समजून घेऊ या. इंधन बदललं की धुरातली काजळी का आणि किती बदलते?

कंदील आणि स्टोव्ह आठवा

काजळी म्हणजे पुरतं न जळलेलं कार्बन. आपल्या घरांत ती पिढ्यान्‌पिढ्या ओळखीची आहे. लाइट गेली की कंदील लागायचा आणि सकाळी त्याची काच राखेने पुसावी लागायची. ती काळी पूड म्हणजे काजळी. आता पंपाचा स्टोव्ह आठवा. त्यातही तेच रॉकेल. पण हवा भरून, पिन मारून बर्नर साफ ठेवला की आच निळी यायची आणि पातेल्याचा तळ फारसा काळा होत नसे. बर्नरमध्ये कचरा अडकला की तीच आच पिवळी, धुरकट व्हायची.

रॉकेल एकच, पण कंदिलात काजळी भरपूर आणि चांगल्या स्टोव्हमध्ये नावापुरती. कारण स्टोव्हमध्ये रॉकेलची आधी वाफ होते, ती हवेत मिसळते आणि मग जळते. कंदिलात वातीभोवतीच्या ज्योतीच्या आत हवा पोचतच नाही. साध्या वातीच्या दिव्यात जळणाऱ्या रॉकेलपैकी ७ ते ९ टक्के भाग काजळी होऊन हवेत जातो, असं २०१२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका संशोधनात मोजलं गेलं. दिव्याखाली अभ्यास करणाऱ्या मुलांच्या नाकपुड्या सकाळी काळ्या का असायच्या, ते यावरून कळतं.

आता तिसरी आच बघा, घरगुती गॅसची. शेगडी साफ असेल तर ती निळीच जळते. इथे इंधनच वेगळं आहे.

म्हणजे काजळी दोन गोष्टींवर ठरते. पहिली, इंधन कोणत्या जातीचं आहे. दुसरी, त्याला हवा किती नीट मिळाली. गाडीच्या इंजिनातही हेच दोन नियम चालतात.

ही काजळी किती बारीक असते? इस्तंबूलच्या सुलेमानिया मशिदीबद्दल एक गोष्ट सांगितली जाते. सोळाव्या शतकात सिनान या वास्तुविशारदाने ती बांधली. आत जळणाऱ्या शेकडो दिव्यांची काजळी हवेच्या झोतासोबत एका खोलीत येऊन साचावी अशी रचना त्याने केली होती आणि त्या काजळीपासून लिहिण्याची शाई बनत असे. हवेच्या हलक्या झुळकेवर वाहत जावी इतकी ती हलकी असते. हाच गुण तिला आपल्या फुप्फुसात खोलवर घेऊन जातो.

इंजिनात काजळी बनते कशी?

पेट्रोल, डिझेल, गॅस ही सगळी इंधनं कार्बन आणि हायड्रोजन यांची बनलेली असतात. पुरेशी हवा मिळाली तर कार्बनचा कार्बन डायऑक्साइड होतो, हायड्रोजनचं पाणी होतं आणि काजळी उरत नाही. पण सिलिंडरच्या आत काही जागी इंधन जास्त आणि हवा कमी पडते. तिथे उष्णता प्रचंड असते. इंधनाचे मोठे रेणू त्या उष्णतेने तुटतात, तुटलेले तुकडे एकमेकांना चिकटून कार्बनची कडी तयार करतात, कड्यांना कड्या जोडल्या जातात आणि पाहता पाहता एक घन कण जन्माला येतो. हे सगळं सेकंदाच्या हजाराव्या भागात घडतं.

असा एक कण साधारण २० ते ३० नॅनोमीटरचा असतो. असे अनेक कण चिकटून द्राक्षाच्या घडासारखा झुबका होतो. डिझेलच्या धुरातले बहुतेक झुबके ५० ते २०० नॅनोमीटरचे असतात. आपला केस त्यांच्यापेक्षा शेकडो पट जाड असतो.

बनलेली काजळी सगळीच बाहेर पडत नाही. बरीचशी सिलिंडरमध्येच, हवा मिळाल्यावर, पुन्हा जळून जाते. जी उरते ती सायलेन्सरमधून निघते. त्यामुळे नोझल, एअर फिल्टर, टायमिंग यांत थोडी गडबड झाली तरी काजळी एकदम वाढते.

डिझेल: ओढ जास्त, काजळीही जास्त

डिझेल इंजिनात ठिणगी नसते. हवा इतकी दाबली जाते की ती ५०० अंश सेल्सिअसच्या वर तापते. त्या तापलेल्या हवेत नोझल डिझेलचा फवारा मारतं आणि फवारा आपोआप पेट घेतो. पण थेंब मिसळायला वेळ मिळत नाही. फवाऱ्याच्या कडेला हवा भरपूर, आतल्या गाभ्यात कमी. म्हणजे कंदिलाच्या ज्योतीसारखीच परिस्थिती.

त्यात डिझेलचे रेणू मोठे. एकेका रेणूत साधारण दहा ते वीस कार्बन असतात. त्यांपैकी काही रेणूंमध्ये कार्बनची कडी आधीच तयार असते. त्यांना आपण कडीवाले रेणू म्हणू या. काजळीचं अर्धं काम तिथेच झालेलं असतं. म्हणून ज्या इंधनात कडीवाले रेणू जास्त, त्याची काजळी जास्त.

चढावर, जादा सवारी घेतल्यावर किंवा ॲक्सिलरेटर एकदम दाबल्यावर काळा लोट का येतो, ते आता लक्षात येईल. त्या क्षणी डिझेल जास्त जातं, पण हवा तेवढी वाढत नाही. काळा धूर म्हणजे पंपावर पैसे देऊन घेतलेलं आणि कामी न आलेलं डिझेल.

पेट्रोल: दिसत नाही म्हणून नाही असं नाही

पेट्रोलचे रेणू लहान, साधारण चार ते बारा कार्बनचे. बहुतेक दुचाक्यांत आणि साध्या पेट्रोल गाड्यांत पेट्रोलची वाफ सिलिंडरच्या बाहेरच हवेत मिसळते आणि मग आत जाऊन ठिणगीने पेटते. ही झाली स्टोव्हची पद्धत. म्हणून पेट्रोल गाडीची काजळी वजनाने डिझेलपेक्षा बरीच कमी भरते.

पण तीन वेळा पेट्रोल गाडीही काजळी सोडते. एक, थंडीत सकाळी गाडी चालू केल्यावर पहिली काही मिनिटं, कारण थंड इंजिनात पेट्रोलची नीट वाफ होत नाही. दोन, पिस्टनच्या रिंगा झिजून इंजिन ऑइल जळू लागलं की. तेव्हा निळसर धूर येतो. तीन, नव्या पद्धतीच्या काही पेट्रोल कारमध्ये पेट्रोल थेट सिलिंडरमध्ये फवारलं जातं. त्यामुळे ॲव्हरेज सुधारतं, पण थेंब पिस्टनवर आणि भिंतीवर बसतात आणि बारीक कणांची संख्या वाढते. हे कण इतके लहान असतात की डोळ्यांना काहीच दिसत नाही. या कारणाने बीएस-६ नियमांत थेट फवाऱ्याच्या पेट्रोल कारना डिझेल कारप्रमाणेच कणांच्या संख्येची मर्यादा घातली गेली.

एलपीजी आणि सीएनजी: रेणू लहान, काजळी कमी

एलपीजीत मुख्यतः प्रोपेन आणि ब्युटेन असतात, म्हणजे तीन-चार कार्बनचे रेणू. सीएनजीत मुख्यतः मिथेन. मिथेनच्या रेणूत कार्बन एकच आणि त्याच्याभोवती चार हायड्रोजन. कार्बनला चिकटायला शेजारी दुसरा कार्बनच नाही. कडी तयार होणं अवघड जातं. शिवाय गॅस आधीच हवेसारखा असल्याने मिसळायला त्रास नाही. दोन्ही नियम सीएनजीच्या बाजूने आहेत.

याचा अनुभव आपल्या देशाने घेतला आहे. २८ जुलै १९९८ रोजी सर्वोच्च न्यायालयाने दिल्लीतल्या बस सीएनजीवर नेण्याचा आदेश दिला आणि २००२ अखेरपर्यंत तिथला सार्वजनिक बसचा ताफा सीएनजीवर आला. मुंबईतही उच्च न्यायालयाच्या आदेशांनंतर काळ्या-पिवळ्या टॅक्सी सीएनजीकडे वळल्या. ज्यांनी त्याआधीचा मुंबईतला टॅक्सीचा धूर खाल्ला आहे, त्यांना फरक सांगावा लागत नाही.

तरी सीएनजी म्हणजे शून्य प्रदूषण नव्हे. इंजिन ऑइल थोडं जळतंच आणि त्यातून अतिसूक्ष्म कण निघतात. नायट्रोजनचे ऑक्साइडही बनतात. न जळलेला मिथेन सुटला तर तो वातावरण तापवतो. म्हणून सीएनजीच्या गाडीलाही ऑइल, रिंगा आणि ट्युनिंगकडे लक्ष द्यावं लागतं.

इथे एक इशारा द्यायलाच हवा. घरगुती सिलिंडरमधून रिक्षात गॅस भरून घेण्याचा प्रकार बेकायदेशीर आहेच, शिवाय भर वस्तीत स्फोटाला आमंत्रण आहे. चार पैसे वाचवण्यासाठी मोहल्ला पणाला लावू नका. किट मान्यताप्राप्त असावं, त्याची आरसी बुकवर नोंद असावी आणि सीएनजी टाकीची दर तीन वर्षांनी होणारी तपासणी चुकवू नये.

इथेनॉल आणि बायोडिझेल: स्वतःची हवा घेऊन येणारं इंधन

आता पंपावर मिळणाऱ्या पेट्रोलमध्ये २० टक्क्यांपर्यंत इथेनॉल असतं. आपल्या राज्यात ते मोठ्या प्रमाणावर उसापासून तयार होतं. इथेनॉलच्या वजनात साधारण ३५ टक्के ऑक्सिजन असतो. म्हणजे जिथे हवा पोचत नाही तिथे इंधन स्वतःच थोडा ऑक्सिजन घेऊन जातं. शिवाय कडीवाल्या रेणूंचं प्रमाण कमी होतं. दोन्हींमुळे काजळी साधारणपणे घटते. दुसरी बाजूही सांगितली पाहिजे. इथेनॉलमध्ये लिटरमागे ऊर्जा पेट्रोलपेक्षा सुमारे एक तृतीयांश कमी, त्यामुळे ॲव्हरेज थोडं पडतं. जुन्या गाडीचे रबरी पाइप आणि वायसर त्याला टिकतील का, तेही तपासून घ्यावं लागतं.

बायोडिझेलचंही तसंच. तेलावर प्रक्रिया करून बनलेल्या या इंधनात सुमारे ११ टक्के ऑक्सिजन असतो, कडीवाले रेणू नसतात आणि गंधक जवळपास नसतं. काजळी वजनाने कमी होते, मात्र नायट्रोजनचे ऑक्साइड काही वेळा थोडे वाढतात.

आपला वऱ्हाड कापसाचा, म्हणजे सरकीचाही. "सरकीचं तेल डिझेलमध्ये टाकलं तर?" असं गॅरेजवर कुणीतरी विचारतंच. १९०० च्या पॅरिस प्रदर्शनात एक डिझेल इंजिन शेंगदाण्याच्या तेलावर चालवून दाखवलं होतं, हे खरं. पण कच्चं तेल डिझेलपेक्षा फार घट्ट असतं. आजच्या बारीक छिद्रांच्या नोझलमधून त्याचा नीट फवारा होत नाही, थेंब मोठे राहतात, नोझलवर कार्बन बसतो आणि काजळी उलट वाढते. प्रक्रिया केलेलं बायोडिझेल वेगळं आणि डब्यातलं तेल वेगळं.

रॉकेलची भेसळ: स्वस्तातला महाग सौदा

रेशनच्या रॉकेलला निळा रंग का दिला गेला? ते पेट्रोल-डिझेलमध्ये मिसळलं तर ओळखता यावं म्हणून. पेट्रोलमध्ये रॉकेल गेलं तर त्याचा जड भाग नीट वाफ होत नाही, इंजिन ठोकतं, धूर वाढतो, प्लग काळे पडतात. डिझेलमध्ये मिसळलं तर धूर लगेच वाढेलच असं नाही, म्हणून चालकाला पत्ताही लागत नाही. पण रॉकेलचा वंगणाचा गुण कमी असतो. पंप आणि नोझल झिजतात आणि झिजलेलं नोझल पुढे वर्षभर काजळी ओकत राहतं.

या धंद्याने महाराष्ट्रात जीव घेतला आहे. २५ जानेवारी २०११ रोजी मनमाडजवळ पानेवाडी इथे तेलाच्या भेसळीवर कारवाई करायला गेलेले मालेगावचे अपर जिल्हाधिकारी यशवंत सोनवणे यांना जिवंत जाळण्यात आलं. आपल्या टाकीत काय जातं, हा प्रश्न क्षुल्लक नाही हे त्या घटनेने सगळ्या राज्याला दाखवलं.

गंधक कमी झालं, मगच फिल्टर आला

इंधनातलं गंधक स्वतः काजळी नाही, पण जळून त्याचे सल्फेटचे कण बनतात आणि सायलेन्सरमधली धूर साफ करणारी यंत्रणा ते निकामी करतं. त्यामुळे आधी तेल सुधारावं लागलं. बीएस-३ च्या डिझेलमध्ये दहा लाख भागांत ३५० भागांपर्यंत गंधक चालत होतं. बीएस-४ मध्ये ५० आणि १ एप्रिल २०२० पासून देशभर लागू झालेल्या बीएस-६ मध्ये फक्त १०.

तेल साफ झाल्यावर डिझेल कारच्या सायलेन्सरमध्ये काजळीचा फिल्टर बसवता आला. गॅरेजमध्ये त्याला डीपीएफ म्हणतात. मधाच्या पोळ्यासारख्या त्याच्या बारीक नळ्या एकाआड एक बंद असतात. धूर भिंतीतून गाळला जातो, काजळी आत अडकते. ती साचली की यंत्रणा तापमान सुमारे ६०० अंशांपर्यंत नेऊन तिला जाळून टाकते. फरक आकड्यांत बघा. डिझेल कारला किलोमीटरमागे कणांची मर्यादा बीएस-३ मध्ये ५० मिलिग्रॅम, बीएस-४ मध्ये २५ आणि बीएस-६ मध्ये ४.५.

म्हणजे जुनी बीएस-३ डिझेल गाडी आणि नवी बीएस-६ डिझेल गाडी यांना एकाच मापाने मोजता येत नाही. पंपावर तेल दोघींना एकच मिळतं, पण एकीला फिल्टर आहे, दुसरीला नाही.

शहरातल्या शहरात छोट्या फेऱ्या मारल्या की हा फिल्टर तापत नाही आणि चोक होतो. दिवा लागला की काही लोक तो कापून काढायला सांगतात. गॅरेजवाल्या भावांना आमची विनंती आहे, हे काम घेऊ नका. ते बेकायदेशीर तर आहेच, पण त्या गाडीची सगळी काजळी पुन्हा रस्त्यावर येते. बहुतेक वेळा मूर्तिजापूरच्या दिशेने हायवेवर वीसेक मिनिटं एका वेगात गाडी चालवली की फिल्टर स्वतःच साफ होतो. नाही झाला तर तो साफ करून घ्यावा.

लेकरांच्या छातीत काय होतं?

मोठी धूळ नाकात अडकते, शिंकेसोबत बाहेर येते. काजळीचे कण मात्र फुप्फुसातल्या शेवटच्या पिशव्यांपर्यंत पोचतात आणि सगळ्यात बारीक कण रक्तातही उतरतात. दमा भडकतो, हृदयविकाराचा धोका वाढतो. २०१२ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने डिझेलच्या धुराचा माणसात कर्करोग करणाऱ्या पदार्थांच्या पहिल्या गटात समावेश केला.

मुलांना धोका जास्त, कारण वजनाच्या मानाने ती मोठ्यांपेक्षा जास्त हवा ओढतात आणि त्यांचं नाक सायलेन्सरच्या उंचीजवळ असतं. गरोदर बायका, म्हातारी माणसं आणि दिवसभर रस्त्यावर बसणारे हातगाडीवाले यांचंही तेच.

२०१९ मध्ये सुरू झालेल्या राष्ट्रीय स्वच्छ हवा कार्यक्रमात अकोला आणि अमरावती ही दोन्ही शहरं आहेत. म्हणजे आपली हवा ठरलेल्या मर्यादेत बसत नव्हती हे सरकारनेच मान्य केलं आहे. यात सगळा दोष गाड्यांचा नाही. रस्त्याची धूळ, बांधकामं, कचऱ्याची जाळपोळ यांचाही वाटा आहे. पण गाडीची काजळी नाकाच्या उंचीवर, गर्दीच्या जागीच सुटते, हा तिचा खास दोष.

पीयूसी आहे, मग बस झालं?

पीयूसी काढणं गरजेचं आहे, पण त्याची मर्यादाही माहीत असावी. डिझेल गाडीच्या तपासणीत धूर किती गडद आहे ते पाहिलं जातं. पेट्रोल आणि सीएनजी गाडीत कार्बन मोनॉक्साइड आणि न जळलेलं हायड्रोकार्बन मोजतात. त्यांच्या बारीक कणांची मोजणी तिथे होतच नाही. म्हणून "पीयूसी पास, म्हणजे काजळी नाही" असं समजू नये.

मग अम्मींना काय उत्तर द्यायचं?

त्या घरी आम्ही जे सांगितलं, तेच इथे मांडतो.

पहिलं, जुनी, फिल्टर नसलेली डिझेल गाडी काजळीच्या बाबतीत सगळ्यात वाईट. सेकंड हँड स्वस्त मिळते म्हणून ती घेऊ नये.

दुसरं, रोज शहरातच फिरायचं असेल तर सीएनजी किंवा एलपीजीची कंपनी फिटिंग गाडी डिझेलपेक्षा बरी. पंप किती दूर, रांग किती, हा हिशेब आधी करावा. विजेच्या रिक्षाला सायलेन्सरच नाही, त्यामुळे चौकात काजळी शून्य. टायर आणि ब्रेकची धूळ मात्र राहते. तिची वीज पारससारख्या केंद्रात कोळसा जाळून येते हे खरं, पण तो धूर उंच चिमणीतून, गाळून, वस्तीपासून दूर सुटतो. बॅटरी आणि चार्जिंगचा खर्च बघून निर्णय घ्यावा.

तिसरं, असलेली डिझेल गाडी लगेच बदलता येत नसेल तर ती राखा. एअर फिल्टर वेळेवर बदला. वऱ्हाडातल्या उन्हाळ्याच्या धुळीत तो लवकर भरतो. नोझल तपासून घ्या, पंपाची सेटिंग वाढवून "ओढ" वाढवू नका, पक्क्या पंपावरूनच तेल घ्या, जादा सवारी टाळा.

चौथं, थांब्यावर उभे असताना इंजिन बंद करा. गॅरेजमध्ये शटर खाली करून गाडी रेस करू नका. तिथे काम शिकणारा पोरगा दिवसभर तीच हवा घेत असतो.

पाचवं, लेकराला शाळेच्या गाडीसाठी उभं करायचं तर चौकात नको, गल्लीत आत उभं करा. मोठ्या रस्त्यापासून शंभर-दोनशे मीटर आत गेलं तरी बारीक कणांची संख्या झपाट्याने उतरते. याला एक पैसाही लागत नाही.

अब्बा हे सगळं शांतपणे ऐकत होते. शेवटी म्हणाले, "माझ्या गाडीचं नोझल दोन वर्षांपासून नाही काढलं. आधी ते काढतो. नवीन गाडीचं मग बघू." मुलगा हसला. अम्मी आत जाऊन नातवाच्या खोकल्याचं औषध बघू लागल्या.

आम्हाला वाटतं, सुरुवात तिथूनच व्हावी. कोणती गाडी घ्यायची हे कर्जाचा हप्ता, पंप आणि धंदा पाहून प्रत्येक घर ठरवेल. आज दारात उभ्या असलेल्या गाडीचं नोझल आणि एअर फिल्टर मात्र याच आठवड्यात उघडून बघता येतं.